येरझारे डॉक्टर

येरझारे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण अमरावतीत निम्म्या लोकांना ते आडनावच वाटायचं, आणि खरं आडनाव घेतलं तर लोक कोण म्हणून विचारायचे. हा माणूस एका जागी बसलेला मी फार थोडा पाहिला. दवाखान्याच्या पडवीत या खांबापासून त्या खांबापर्यंत आणि तिथून परत, असं त्यांचं दिवसभर चालणं. काही लिहायचं झालं तर खिडकीच्या फळीवर कागद ठेवून उभ्याउभ्याच. जेवायला बसले की वाढणारा वळायच्या आत उठलेले. नाडी बघताना तेवढे थांबायचे, पण तेव्हाही पायाचा अंगठा जमीन उकरत असायचा. पडवी सारवणारी म्हातारी त्यांच्या चालण्याचा पट्टा वेगळा पुन्हा सारवायची आणि आम्हाला ऐकू येईल अशा बेताने म्हणायची, "या डाक्टरले दावणीले बांधा कोणी."

मीही काही थंड डोक्याचा नाही. म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. मी निवलो नाही, आणि आता निवेन असं वाटतही नाही. त्या वेळी तर पंचविशीही गाठली नव्हती आणि सगळं गावच उकळत होतं. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांना असा भाव आला की चांगली शहाणीसुरती माणसं येड्यासारखी करायला लागली. बैलबंड्यांच्या रांगा गावाबाहेर लांबवर उभ्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. मास्तर शाळा सोडून दलाली करू लागला, न्हाव्याने वस्तरा ठेवून तराजू धरला. हवेत सदा कापसाचे तंतू. ते भाजीत पडायचे, पाण्यात पडायचे, औषधाच्या बाटलीत पडायचे. रेल्वे आज येणार, उद्या येणार, असं चाललेलं. थांबायला कुणालाच सवड नव्हती. पंजा चिरडलेला माणूससुद्धा बाजार उठायच्या आत मला मोकळं करा म्हणायचा.

अशा त्या गडबडीत मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचं घर अंबादेवीच्या वाटेवर, वेदपाठी भिक्षुकांचं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गावातले मानलेले वैदिक. मलाही मुंज झाल्यापासून घोकायला बसवलं होतं आणि निम्मी संहिता मी पाठही केली होती. पण बाहेर एवढं जग पळत असताना पाटावर मांडी घालून डुलत बसणं माझ्याने होईना. एक दिवस उठलो आणि दवाखान्यात जाऊन नोकरी मागितली. मला त्याची खंत नव्हती, आजही नाही. अण्णांनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहायचं, एकाच पंगतीत जेवायचं, आणि मीठ हवं असेल तर त्यांनी आईला सांगायचं, आईने मला, अशी दोन वर्षं गेली.

येरझारे डॉक्टर नगरकडचे, जातीने शिंपी. मुंबईला शिकले, आधी अकोल्याला होते, तिथून आमच्याकडे आले. शिंप्याचा मुलगा डॉक्टर झाला म्हणजे चामडी काय झकास शिवत असेल, असा विनोद गावात प्रत्येक जण आपल्याला नव्यानेच सुचला अशा थाटात करायचा. वास्तविक त्यांचं काम शिवण्याचं नव्हतंच. शस्त्रक्रिया इंग्रज साहेब करायचे. त्याआधी रोग्याला क्लोरोफॉर्म देऊन झोपवायचं आणि नंतर सुखरूप उठवायचं, हे डॉक्टरांचं काम. साहेबांचा हात जलद होता. मोठं काम असलं तरी पाहता पाहता उरकायचे आणि हात धुऊन नाश्त्याला जायचे. डॉक्टरांचं काम मात्र आदल्या दिवशीच सुरू व्हायचं.

रोग्याला काही दुखणार नाही, असं ते कधी म्हणायचे नाहीत. मला हे फार विचित्र वाटायचं, कारण बाकी सगळं जग आजाऱ्याशी खोटंच बोलतं. डॉक्टर खाटेच्या या बाजूने त्या बाजूला फेऱ्या घालत सगळं सांगून टाकायचे. औषधाचा वास गोडसर असतो, छातीत थोडं भरून येतं, कानात भुंगे वाजतात, आणि मग काही कळत नाही. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "कापताना कळणार नाही. उठल्यावर आग होणार. आग झाली की घाबरायचं नाही, काम झालं म्हणायचं." मग उठल्यावर माणसं खरंच तसं म्हणायची. एक धनगर कण्हता कण्हता हसला होता आणि आग होऊन राहिली जी, आग होऊन राहिली, असं आनंदाने सगळ्यांना सांगत सुटला होता. मग अफूची गोळी देऊन त्याला गप्प निजवावं लागलं.

त्यांना खरा धसका होता तो वऱ्हाडी मायेचा. क्लोरोफॉर्म द्यायचा तर पोट रिकामं हवं, नाहीतर गुंगीत उलटी होऊन अन्न श्वासात जातं. पण उपाशी माणसाला कापायला पाठवायचं हे आमच्याकडे कुणाला पटावं? बायका लुगड्याच्या ओच्यात भाकरी लपवून आणायच्या. विचारलं तर रोगी आणि नातलग एका सुरात सांगायचे की काल सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. म्हणून जेवलास का, असं डॉक्टर विचारायचेच नाहीत. या खांबाकडून त्या खांबाकडे जाताना सहज म्हणायचे की काय हो, आज चून-भाकर झाली असेल ना घरी? रोगी मोकळेपणाने सांगायचा की नाही, आज वांग्याची भाजी होती, झणझणीत होती. मग डॉक्टर कपाळाला हात लावायचे आणि ते काम दुसऱ्या दिवसावर जायचं.

पण सगळ्यात जास्त वाद व्हायचे ते फडक्यावरून. इतर ठिकाणी रोग्याला चौघांनी धरायचं आणि औषधाचं फडकं नाकावर दाबायचं, अशी रीत होती. डॉक्टर घडी घातलेलं फडकं रोग्याच्याच हातात द्यायचे. त्यावर थेंब सोडायचे आणि म्हणायचे की तुझ्या हाताने घे; नको वाटलं की खाली ठेव. अंजनगाव सुर्जीकडचा एक कास्तकार आला होता, कापसाच्या गाठी बांधायच्या दाबयंत्रात त्याची बोटं गेली होती. आडदांड गडी, पण फडकं नाकाशी नेलं की डोळे पांढरे व्हायचे आणि फडकं खाली यायचं. साहेब घड्याळ काढून उभे. गड्याची एकच धास्ती, "मले झोपवलं अन् मी उठलोच नाई त?" डॉक्टर त्याला समजावत बसले नाहीत. साहेबांना म्हणाले, "आपली सुरी तयार आहे, माझा माणूस अजून तयार नाही," आणि पडवीत जाऊन फेऱ्या मारू लागले. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. दारातून त्या फेऱ्या बघता बघता गड्यालाच काय वाटलं कोण जाणे, आपणहून म्हणाला की द्या जी तो फडका. त्याने ते नाकाशी धरलं, गावच्या बैलपोळ्याचं काहीतरी बरळत राहिला, आणि थोड्या वेळाने हात अलगद छातीवर पडला. हात पडला की झोप लागली. नंतरच बांधायचं, आणि उठायच्या आत सोडायचं. बांधलेल्या अवस्थेत कुणी जागा झालेला त्यांना चालत नसे.

हे खूळ त्यांना कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चालता चालता. अकोल्याला असताना एक तरणाबांड हमाल पायाचं हाड मोडून आला होता. तो ओरडत होता, सुटायला बघत होता, आणि घाई होती. चौघांनी धरला, फडकं दाबलं. सुरी लागायच्या आधीच तो गेला. औषध जास्त झालं असं मोठे लोक म्हणाले. "औषध तेवढंच होतं रे. भीती जास्त झाली," डॉक्टर म्हणाले. आणि पडवीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मला वाटतं, त्यांच्या पायांना ती चाल अकोल्याहूनच लागली असावी. प्रत्येक कामाच्या आधी ते त्या हमालाला पुन्हा एकदा झोपवत असले पाहिजेत.

अशात अण्णांचा खडा उठला. मूत्राशयातला खडा हे काय दुखणं असतं ते ज्याला झालं त्यालाच ठाऊक. घोकून घोकून कमावलेला खणखणीत आवाज त्यांचा. तो आता आडोशाला बसलं की किंकाळीसाठी लागायचा. वैद्याचे काढे झाले, नवस झाले. अभिषेकाच्या मधेच त्यांना उठावं लागे आणि यजमान माना खाली घालून बसत. ते वाळत चालले. शेवटी आईच माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली की तुझ्या त्या डॉक्टरले विचार ना रे एकदा.

डॉक्टर आले आणि आमच्या अंगणातच उभे राहिले, म्हणजे अर्थातच फेऱ्या घालू लागले. अण्णा ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. दोघांमधलं अंतर असं की साधं बोललेलं सहज ऐकू यावं. पण अण्णा शिंप्याशी सरळ बोलायचे नाहीत, आणि आईला मध्ये घालावं तर ती परपुरुषासमोर बाहेर यायची नाही. राहिलो मी. अण्णांनी जरा वेळ दाराच्या चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांग त्याले." दोन वर्षांनी मला उद्देशून उच्चारलेले ते पहिले शब्द. मला हसू आलं.

मग जे बोलणं झालं त्याला तोड नाही. अण्णा मला सांगणार, डॉक्टर ते ऐकून मला उत्तर देणार, अण्णा ते ऐकून पुन्हा मला सांगणार, आणि मी मध्ये खांबासारखा उभा. मरणाची त्यांना भीती नव्हती. सुरीचीही नव्हती. औषधाला दारूसारखा दर्प येतो, त्याचं प्रायश्चित्त घेता येईल म्हणाले. बरंच आडवळण घेऊन शेवटी ते मुद्द्यावर आले. आवाज एकदम खाली गेला. "मेलो त मेलो. पण उठलो अन् रिकामाच उठलो त?"

अंगणातल्या फेऱ्या थांबल्या. मलाही क्षणभर कळलं नाही आणि मग एकदम कळलं. या माणसाने आयुष्यभर दुसरं काही मिळवलं नव्हतं. शेत नाही, सोनं नाही. बापाच्या तोंडून आपल्या कानात आणि कानातून जिभेवर, एवढीच मिळकत. ती कुठे ठेवलेली असते ते कुणाला माहीत नाही. गुंगीचं औषध डोक्यात शिरून सगळं पुसून गेलं तर अण्णा म्हणून मागे काय राहणार होतं? आणि ती ज्याच्याकडे सोपवायची तो मुलगा बाटल्या धूत बसलेला. त्यांनी हे शेवटचं म्हटलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

डॉक्टरांच्या जागी मी असतो तर काही होत नाही हो, असं ठोकून दिलं असतं. डॉक्टर म्हणाले की मला ठाऊक नाही. आजवर कुणाचं काही गेलेलं पाहिलं नाही, पण वेद पाठ असलेला माणूस मी अजून झोपवलेला नाही. त्यांनी अंगणात आणखी दोन-चार चकरा मारल्या आणि एक तोड सुचवली. अण्णांनी फडकं हातात घेऊन म्हणायला लागावं. जिथे झोप लागेल ती जागा मी, म्हणजे मुलाने, ध्यानात ठेवावी. उठल्यावर पुढचं म्हणून पाहावं. लागोपाठ पुढचं आलं, तर सगळंच जागेवर आहे असं समजायचं. अण्णांना ते पटलं. पण दुसरीच अडचण निघाली. डॉक्टर उशाशी असणार आणि वेद शिंप्याच्या कानावर पडणार. ते काही चालायचं नव्हतं. साहेबाचा कान अण्णांच्या हिशेबातच नव्हता. मी चिडलो, खडा काढायला शिंपी चालतो आणि ऐकायला चालत नाही का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. डॉक्टर चिडले नाहीत. "कानात कापूस घालतो," ते म्हणाले. "सध्या या गावात दुसरं आहे तरी काय?" अण्णा हसले. दुखणं लागल्यापासून पहिल्यांदाच हसले.

ठरल्या दिवशी सकाळीच डॉक्टर आमच्या दारात हजर. मला वाटलं धीर द्यायला आले. पण त्यांचं लक्ष आईवर होतं. आमच्याकडे कोणत्याही मोठ्या कामाला माणूस निघाला की त्याच्या हातावर दही-साखर पडायचीच, आणि आई वाटी घेऊन चौकटीत उभी होतीच. तिला कालच सांगितलं होतं, पण एवढ्या चमचाभराने काय होतं, असं तिचं म्हणणं. तिच्या डोळ्यांत पाणी. डॉक्टर पुढे झाले, ओंजळ पसरली आणि म्हणाले, "काकू, कामाला मी निघालोय. माझ्या हातावर घाला." आई गोंधळली, आतबाहेर पाहिलं, आणि वरूनच सगळी वाटी त्यांच्या हातावर ओतली. त्यांनी ते दही उभ्याउभ्या खाल्लं आणि हात धोतराला पुसले.

टेबलावर अण्णा फार लहान दिसत होते. डॉक्टरांनी पिशवीतून कापसाचे दोन चांगले जाड बोळे काढले, अण्णांना दाखवले आणि आपल्या दोन्ही कानांत ठासून बसवले. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं, पण डॉक्टरांना ते ऐकूच गेलं नाही, आणि मी दोऱ्या नीट करत राहिलो. आमच्या शाखेत म्हणताना स्वर हाताने दाखवायचे असतात. शब्द वर चढला की हात वर, उतरला की खाली. अण्णांनी डाव्या हाताने फडकं धरलं आणि उजव्या हाताने स्वर दाखवत सुरुवात केली. खणखणीत. साहेबसुद्धा सुरी हातात धरून गप्प उभे राहिले. मी मनात बरोबर म्हणत होतो. हळूहळू शब्द जड झाले, एकमेकांत मिसळले, थांबले. डावा हात फडक्यासकट खाली आला. उजवा मात्र आवाजाशिवाय आणखी थोडा वेळ स्वर दाखवत राहिला, आणि मग तोही पडला.

काम लवकर झालं. सुपारीएवढा खडा थाळीत पडल्याचा आवाज आला. साहेब खूश होऊन गेले. दोऱ्या सोडल्या, अण्णांना खाटेवर घेतलं, आणि डॉक्टर उशाशी नाडी धरून राहिले. दुपार कलता कलता अण्णांनी डोळे उघडले. पाणी मागितलं. आग होते म्हणाले. मी वाकून कानाशी म्हणालो, अण्णा, आता पुढचं म्हणा. त्यांचे ओठ हलले. काहीच आलं नाही. पुन्हा हलले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग छताकडे, आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहून कानांकडे गेलं. "गेलं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी बाहेर आलो. डॉक्टरांनी मागोमाग येऊन कानातला कापूस काढला. काय झालं ते त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं होतं. त्यांनी सांत्वन केलं नाही. या खांबापासून त्या खांबापर्यंत ते इतक्या झपाट्याने चालू लागले की मला त्यांच्यामागून पळावं लागलं. मग एकदम वळून त्यांनी विचारलं, जिथे थांबले तो अध्याय तुला येतो का? येतो म्हणालो. तर म्हणाले, "मग त्यांच्याजवळ बसून म्हण. आणि चुकीचं म्हण."

मी भांडायला उठलो. वेद मुद्दाम चुकीचा म्हणायचा? दवाखान्यात नोकरी केली म्हणून मी काही एवढा सुटलो नव्हतो. तेव्हा त्यांनी आपल्या बापाची गोष्ट सांगितली. म्हातारा शिंपी शेवटी शेवटी माणसं ओळखेनासा झाला होता. मुलाला म्हणायचा आपण कोण गावचे? पण कपडा हातात दिला की अंगठा शिवणीवरून फिरवायचा, आणि टाका वाकडा लागला की पुटपुटत उसवायला घ्यायचा. "सरळ टाका त्यांच्या लक्षातही यायचा नाही. वाकडा यायचा," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या वडिलांना पुढचं आठवत नाहीये. पण चूक सहन होते का ते बघू." एवढं सांगून त्यांनी बोळे पुन्हा कानात घातले आणि अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

मी खाटेशी जमिनीवर बसलो. दोन वर्षांनी हात पुढे धरला. जिथे अण्णा थांबले होते तिथून पुढे म्हणायला लागलो, आणि पहिल्याच ओळीत जिथे स्वर उतरवायचा तिथे मुद्दाम चढवला. काही नाही. अण्णांची पाठ हलली नाही. दुसरी ओळ, पुन्हा तसंच. माझाच आवाज मला परका लागत होता. तिसऱ्या ओळीत मी शब्दच असा काही उचलला की लहानपणी असता तर पाठीत धपाटा बसला असता. आणि घोंगडीखालून अण्णांचा उजवा हात बाहेर आला. वर उठला आणि एकदम खाली आला.

"खाली," ते भिंतीकडे बघूनच म्हणाले. "स्वर खाली आहे तिथं. दोन वर्षांत इतकं विसरला काय रे?"

मग त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. मग तिच्या पुढची. मग ते माझ्याकडे वळले, आणि अध्याय संपेपर्यंत थांबलेच नाहीत. आवाज घोगरा होता, मधे मधे कळ येत होती, घाम फुटत होता, पण हात वर खाली होत राहिला. मला रडू फुटलं. कुंपणापाशी डॉक्टर आमच्याकडे पाठ करून उभे होते. मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले. मी नुसती मान हलवली. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, नाक ओढलं, आणि अण्णांना अफू किती द्यायची ते सांगू लागले.

मुद्दाम चुकलो हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही. ते बरे झाले. पुढे माझ्याशी बोलूही लागले. म्हणजे दवाखान्यातून आलो की पाय धुतो न धुतो तोच एक अध्याय म्हणून घेऊ लागले. यापेक्षा अबोला बरा होता, असं मी आईला म्हणायचो.

मग लढाई संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, आणि गावात निराळीच धावाधाव सुरू झाली. त्याच सुमारास डॉक्टरांची बदली परत अकोल्याला झाली. तिकडे ते वर्षभरच जगले. पटकीची साथ आली, आणि हा माणूस एका जागी बसणारा नव्हताच. बार्शीटाकळीपर्यंत गावोगाव औषध वाटत फिरला आणि वाटेतच गेला. शेवटी उशाशी कोण होतं, कुणी काही सांगितलं का की आता असं असं होईल, घाबरू नका, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. त्या विचाराने मी अजूनही अंथरुणातून उठून बसतो. त्यांच्या माघारी फडकं माझ्या हातात आलं, आणि पुढे किती साहेब आले गेले तरी मी ते रोग्याच्याच हातात देत राहिलो. त्यावरून मलाही पुष्कळ बोलणी बसली.

पण मला लिहायचं आहे ते त्यांच्या निघण्याच्या सकाळबद्दल. त्या सकाळीपायी अण्णांची श्राद्धपक्षाची आमंत्रणं पुढे कितीतरी दिवस तुटली. दवाखान्यासमोर दमणी जुंपून उभी होती. पोचवायला बरेच लोक जमले होते, आणि देवळाकडून घरी निघालेली चार वैदिक मंडळीही गर्दी बघून थांबली होती. डॉक्टर दमणीभोवती फिरत सामान उगाचच पुन्हा पुन्हा बांधून बघत होते. एवढ्यात अण्णा आले. काठी टेकत, सोवळ्याने, मुठीत अक्षता. डॉक्टरांसमोर येऊन उभे राहिले आणि प्रवासाला निघणाऱ्या यजमानासाठी म्हणतात तो वेदातला आशीर्वाद त्यांनी मोठ्याने सुरू केला.

डॉक्टरांचे दोन्ही हात पटकन कानांवर गेले. अण्णा थांबले. काठी माझ्याकडे दिली, अक्षता उपरण्यात सोडल्या, आणि डॉक्टरांची दोन्ही मनगटं धरून ते हात खाली आणले. ते तसेच धरून ठेवले. मग पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लागले, सबंध, सावकाश, एकही स्वर न सोडता. हात गुंतलेले असल्यामुळे स्वर मानेने दाखवत होते. डॉक्टर तोंड खाली घालून ऐकत होते. अक्षता डोक्यावर पडल्या तेव्हा वाकले आणि दमणीत चढले.

वैदिकांपैकी जे वयाने मोठे होते त्यांना राहवलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की अण्णाजी, शिंप्याच्या कानावर वेद घातला तुम्ही?

अण्णांनी माझ्याकडून काठी घेतली. माझ्याकडे एकदा पाहिलं, असं की मला कळलं, त्यांना त्या चुकलेल्या स्वरांचं सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं.

"त्यानंच वापस आणून देल्ला तो," ते म्हणाले. "मंग त्याले ऐकू देऊ नाई काय?"

 दमणी तोवर बडनेऱ्याच्या वाटेला लागली होती.